अर्ध्या नांगीचा विंचू

तुम्हाला कुणी ओळखणार नाही, असं मी त्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. अहेरीच्या एका दवाखान्यात तेव्हा गजकर्णाच्या औषधांचा आमचा अभ्यास चालू होता. लोक मेडिकलमधून कसलंही मलम आणून चोळायचे, चार दिवस बरं वाटायचं आणि मग चट्टे दुप्पट पसरायचे. अशांना गोळ्या नेमक्या किती दिवस द्याव्यात, हे आम्ही तपासत होतो. मी त्यातली डॉक्टर. संमतीपत्र भराभर वाचून दाखवायचं, सही घ्यायची आणि फोटो काढायचा, यात माझा हात चांगलाच बसला होता.

त्या बाई आठवडी बाजारात मुरमुरे विकायच्या. चट्टा उजव्या हातावर, गोंदणाच्या भोवती होता. गोंदलेल्या विंचवाची नांगी अर्धीच होती. लहानपणी दुखलं तशी उठून पळाले, असं त्यांनीच हसत सांगितलं. मीही हसले आणि फोटो काढला.

पुढे लोकांनी असली मलमं लावू नयेत म्हणून पोस्टर करायचं ठरलं. सगळ्यात स्वच्छ फोटो त्यांचाच आला होता आणि मला त्याचा तोराही होता. हातामागे चेहरा दिसत होता, म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी ओढली. पोस्टरसाठी पुन्हा विचारायला हवं, हे मनात आलं नाही असं नाही. सही आहेच की, म्हणून सोडून दिलं. पोस्टर दवाखान्याच्या बाहेर, बाजाराच्या तोंडाशी लागलं.

दोन बाजार गेले. तिसऱ्याला मी भाजी घ्यायला गेले, तर त्यांची टोपली दुपारीही भरलेलीच. शेजारी मिरच्या विकणाऱ्या बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, की विंचू सगळ्यांनी ओळखला. डोळे झाकलेत म्हणजे महारोगच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. त्यांच्या हातचं आता कुणी घेत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपलीमागून त्या माझ्याकडेच बघत होत्या, तरी मी मान खाली घालून निघून आले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत मी पोस्टर काढलं आणि गुंडाळून कपाटावर टाकलं. निस्तरलं, असं वाटलं मला.

शेवटच्या तपासणीला त्या बाजाराच्याच दिवशी आल्या. हात अगदी स्वच्छ झाला होता. फोटो काढला तेव्हा त्यांनी विचारलं, "तो बाहेरचा फोटू कुठी गेला?"

मी काढला म्हणाले. तुमची बदनामी झाली, माझं चुकलं, असंही कसंबसं म्हणाले.

"मंग काऊन काढला जी? त्याच्या बाजूले आजचा लावला असता. आता लोकाइले कसं दिसन, मी बरी झाली म्हणून?"

नवं पोस्टर नागपूरहून छापून आणते, महिनाभर लागेल, असं मी सांगितलं.

"बजार तं आजच हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही चाला मासंग. माह्या हातचे मुरमुरे खा, सगळ्याइच्या समोर."

मी गेले. टोपलीपाशी उभी राहून ओंजळ पुढे केली. आजूबाजूच्या बाया बघत होत्या. मुरमुऱ्यांना हात लावण्याआधी त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं आणि तो बरा झालेला हात कोपरापासून धुतला, मला दिसेल असा. त्या बाजारी मी मान खाली घालून निघून गेले, ते त्यांनी पाहिलं होतं.