नणंदेच्या भावाची पुडी

"बीट खाल्लं होतं मी."

"कुठे? आपल्या घरात बीट आलेलं मला तरी आठवत नाही."

"बाहेर खाल्लं."

"बाहेर. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा नुसतं पाणी पिऊन परत येणारा माणूस बाहेर बीट खाऊन आला."

काढेवाल्यांनी खलात गोखरूची मूठ टाकली आणि दणादण कुटायला सुरुवात केली. भांडण मिटवायचा हा त्यांचा जुना उपाय. बत्त्याच्या आवाजात बायकोचं ऐकू येत नाही, निदान तसं दाखवता तरी येतं. ती शेजारी भोपळ्याच्या बिया सोलत राहिली. त्यांचा हात कधीतरी दुखणारच होता.

दुखला. बत्ता थांबला.

"आयुष्यात रुमाल न धुतलेला माणूस," ती म्हणाली, "गुपचूप स्वतःचा पायजमा धुतो, आणि मला कळू नये?"

"माझी पुडी चालू आहे."

"पुडी लघवीच्या धारेसाठी आहे. रक्तासाठी आहे का?"

"हळू बोल. दुकान आहे हे."

दुकान वडिलांचं. पाठीमागे भिंतभर लाकडी खण, प्रत्येकात एक पाला नाहीतर साल. त्यातला मधला खण सगळ्यात जास्त उघडायचा. वयाची पन्नाशी ओलांडलेले पुरुष लांबून यायचे, काउंटरवरच्या बरणीकडे बघत खालच्या आवाजात सांगायचे, "मेव्हण्याला जरा लघवीचा त्रास आहे." प्रोस्टेट हा शब्द कुणाच्या तोंडून बाहेर पडत नसे. गावभरचे मेव्हणे रात्री उठत होते. स्वतः कुणीच उठत नव्हतं.

काढेवाले कधी हसले नाहीत. तितक्याच गंभीरपणे विचारायचे, मेव्हणा रात्री किती वेळा उठतो? धार बारीक झालीये का? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, रक्त दिसतं का? उत्तर 'हो' आलं की खण बंद. आधी डॉक्टर. तपासून या, पुडी कुठे पळून जात नाही. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेलं तरी त्यांचा नियम मोडला नाही.

स्वतःचं मात्र वेगळं होतं. त्यांचे वडील दवाखान्यात चालत गेले होते, ते चालत परत आले नाहीत. तेव्हापासून त्या इमारतीसमोरून जायचं झालं तर काढेवाले पलीकडच्या गल्लीने वळसा घालत. आणि हल्ली दुकानाच्या दारावर 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी इतक्यांदा लागायची, की तिचा दोरा झिजला होता.

तेवढ्यात बसचे निवृत्त ड्रायव्हर आत आले. बायकोने मान खाली घालून बिया पुढे ओढल्या.

"मेव्हण्याची पुडी संपली," ड्रायव्हर म्हणाले.

"उतार आहे?"

"आहे की. पूर्वी गाडी प्रत्येक थांब्याला थांबायची. आता जलद झालीये."

"आणि लाल काही दिसलं?"

ड्रायव्हर बरणीकडे बघायला लागले. "परवा. किंचित."

काढेवाल्यांनी अर्धा उघडलेला खण आत ढकलला. "मग आज पुडी नाही. आज डॉक्टर."

"अहो, मेव्हणा घाबरतो."

"घाबरत जाऊ दे. पण जाऊ दे. साधंच काहीतरी निघेल कदाचित. ते पुडीला कळत नाही, तपासणीला कळतं."

ड्रायव्हर थोडे घुटमळले, मग पायरी उतरून डावीकडे, दवाखान्याच्या रस्त्याला लागले. काढेवाले त्यांच्याकडे बघत असतानाच बायको उठली, मांडीवरची टरफलं झटकली, काउंटरला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या नणंदेच्या भावासाठी पुडी हवी होती."

काढेवाल्यांना नातं लावायला क्षणभर वेळ लागला. मग, नको नको म्हणताना, मिशीखाली हसू आलंच.

"रात्री किती वेळा उठतो नणंदेचा भाऊ?" जिभेला सवयच होती.

"अंथरूण गरम होत नाही, इतक्यांदा."

"धार?"

"ते त्यालाच ठाऊक. आत गेला की नळ सोडून ठेवतो, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून."

त्यांनी कागद पसरला. खण ओढला. चिमूट उचलली आणि तशीच बोटांत धरून ठेवली. एक प्रश्न राहिला होता.

"विचारा ना," ती म्हणाली. "ड्रायव्हरसाहेबांना विचारलंत."

चिमूट खणात परत पडली.

"तुमच्या औषधाला मी नावं ठेवत नाही हो. माझ्याच हाताने सोलते या बिया. पण इतकी वर्षं पडद्यामागून ऐकते मी तुम्हाला. प्रत्येक मेव्हण्याला दवाखान्यात धाडलंत. मग माझ्याच माणसाला का नाही?" तिचा आवाज आता थट्टेचा राहिला नव्हता. "आहे रक्त. मी पाहिलंय. आता तुम्ही सांगा, नणंदेच्या भावाला मी काय सांगू?"

काढेवाल्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. खण आत सरकवला. चपला पायात घातल्या. 'पाच मिनिटांत येतो'ची पाटी त्यांनी दारावर उलटी लावली. 'दुकान बंद'. ती बाजू दिवसाउजेडी कुणी पाहिली नव्हती.

"मी येऊ का बरोबर?" तिने विचारलं.

ते पायरी उतरले आणि डावीकडे वळले.