प्रणिताच्या टाकीत

देवासमोर हात जोडते तेव्हा मी सगळं बोलते — हे एक सोडून. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? परवा तो फोन आला तेव्हापासून हातून काम होत नाही, म्हणून असेल. फोडणी टाकते आणि मधेच उठून शेडकडे जाते. टाकीचं झाकण उघडून बघते. आत पाणीच असतं. आणखी काय असणार?

देऊळघाटजवळ आमच्या शेतात कोंबड्यांचं शेड आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ते मीच बघते — दाणा, पाणी, झाडलोट, सगळं. सासऱ्यांनी त्यातलं मला कधी काही विचारलं नाही. मग धाकटी जाऊ आली, प्रणिता. माहेर जळगाव जामोदचं. बोलकी, जरा आगाऊच. कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आली आणि थेट सासऱ्यांना म्हणाली, प्रत्येक बॅचला ऊठसूट अँटिबायोटिक देण्यापेक्षा पक्ष्यांना चांगले जंतू पाजू. पुडीत मिळतात, गुळाच्या पाण्यात वाढवायचे आणि पिण्याच्या टाकीत ओतायचे.

"काऊन वं, कोंबड्याईले विरजण लावून राह्यली का?" सासरे म्हणाले.

"हाव मामाजी, तसंच समजा. चांगले जंतू पोटात आधी जागा धरतात. यष्टीत आपण रुमाल टाकतो ना, तसं. मंग वाईटाले बसाले जागाच राहत नाही."

सासरे हसले. आणि मधे जाळी लावून अर्धं शेड तिला देऊन टाकलं.

अर्धं शेड! इतकी वर्षं तिथली घाण मी काढली — आणि ही आली, दोन वाक्यं बोलली, झालं? माझ्या पोटात दुखलं. त्याच दिवशी दुखलं, तेव्हाच. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं होतं तसं सांगतेय.

तिच्या भागाला वेगळी टाकी बसवली. टाक्या धुणं, पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकणं हे काम माझ्याकडेच. तिनं मला बजावलं होतं, "ताई, माह्या टाकीत ब्लिचिंग टाकू नका बरं. त्यानं चांगले जंतूई मरतात." मी मान डोलावली. कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं.

एक दिवस सकाळी ती गुळाचं पाणी टाकीत ओतून घरी गेली, आणि मागून मी ब्लिचिंगचा डबा उघडला. सवयीनं? पुष्कळदा मी स्वतःला असंच सांगून पाहिलंय. पण सवयीनं काम करणारी बाई आधी मागे वळून कशाला बघेल? मी बघितलं होतं. कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही टाकलं — आणि मग रोजच. वासावरून कुणाला कळायची भीतीही नव्हती. माझी टाकी शेजारीच, शेडभर तोच वास.

तिची पिल्लं पातळ हगू लागली. खालचा भुसा ओला झाला, मर वाढली. माझ्या भागात औषध चालू होतं, तिथे काही झालं नाही. मेलेली पिल्लं ती घमेल्यात भरायची. मी घमेल्याची दुसरी बाजू धरायचे. एकदा ती पिल्लं पुरायच्या खड्ड्याजवळ खाली बसून रडायला लागली तर मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कसा फिरवला असेल मी तो हात?

"माह्याच हातून काई चुकलं असन, ताई," ती म्हणाली.

सासऱ्यांनी जाळी काढली. गावात तिचं नाव ताकवाली पडलं. पुन्हा तिनं शेडात पाऊल टाकलं नाही. घरातही ती कशाबद्दल काही सुचवेनाशी झाली. पुढे दिराला वडनेर भोलजीला काम मिळालं आणि ते दोघं तिकडे गेले. मी मात्र करून सवरून नामानिराळी.

सासरे वारले. नंतर औषधाचा गुण येईना, कितीही वाढवलं तरी. मग मी काय केलं असेल? गुळाचं पाणी. तिचंच. टाकीत ब्लिचिंग न टाकता. भुसा कोरडा राहू लागला, मर कमी झाली. आता लोक शेड बघायला येतात, विचारतात, कुणाकडून शिकलात? मी म्हणते, करता करता जमलं.

परवाचा फोन प्रणिताचा होता.

"ताई, तुमाले जमलं म्हणे. मलेई थोडे पक्षी पाळाचे हायेत. सांगा ना मले."

मी सांगितलं. गूळ किती, किती वेळ झाकून ठेवायचं, कधी पाजायचं — जे तिनंच मला सांगितलं होतं ते सगळं तिला सावकाश सांगितलं. ती हो हो करत होती, नव्यानं ऐकल्यासारखी. शेवटी म्हटलं, "टाकीत ब्लिचिंग टाकू नको फक्त."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हाव ताई," ती म्हणाली, "तवा माह्याच हातून पडलं असन. तुमी तर किती जपून करत होत्या."

मी म्हटलं, "असन."