चार थेंब मोगरा

साताऱ्याहून सकाळची सर्व्हिस मोटार धरली. लढाई संपली तरी पेट्रोलची टंचाई होतीच, म्हणून गाडी कोळशाच्या गॅसवर. चढ आला की उतारूंनी उतरायचं. कऱ्हाडच्या अलीकडे मीही दोनदा उतरले. जायचं होतं आष्ट्याला, बहिणीच्या मुलीकडे, हौसाकडे. पण आष्टा मागे टाकून आधी सांगली गाठली, कारण अत्तर तिथेच मिळायचं.

हौसाला मुदतीचा ताप (विषमज्वर) येऊन गेला आणि केस मुठीमुठीनं गळाले. नवरा फौजेतून प्रथमच रजेवर येणार होता. "त्यांच्या म्होरं डोस्कं कसं उघडं करू?" असा तिचा निरोप होता. अत्तरानं केस येतात असं तिनं कुठंसं ऐकलं होतं, तेही मागवलं होतं.

सांगलीच्या पेठेतले अत्तरवाले चाचा स्वतःच टकले.

"अत्तरानं केस येतात का?" मी विचारलं.

"आवं बाई, येत असतं तर माज्या डोस्क्यावर रान माजलं असतं! अत्तर वासाला. वास चांगला आला की माणूस रोज तेल लावतंय, इतकंच."

त्यांनी काडीनं माझ्या एका मनगटावर केवडा लावला, दुसऱ्यावर मोगरा. मी हात नाकाशी नेला तर म्हणाले, "आत्ता हुंगू नगा. गावात फिरून या. अंगाची ऊब लागल्याबिगर अत्तर खरं बोलत न्हाई."

कृष्णेच्या घाटावर गेले. पाणी आटलेलं, वाळूत कलिंगडांचे वेल. भडंग (मसाल्याचे चुरमुरे) खाल्लं. परतेपर्यंत केवडा डोक्यात चढला होता. मोगरा मऊ झाला होता. मोगरा घेतला.

"बाटलीभर खोबरेलात चार थेंब," चाचांनी बजावलं. "निव्वळ लावाल तर कातडी पोळंल."

आष्ट्याला दिवेलागणीला पोचले. सकाळी तेल तयार करून हौसाच्या डोक्याला चोळलं. तिच्या सासूबाईंनी गंगावन (उसने केस) आणून ठेवलं होतं. "ह्यो आंबाडा बांधला की कुणाला कळतंय?" हौसानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नवरा यायचा होता. मी विहिरीवर धुणं धूत होते, तेवढ्यात हौसानं अत्तराची कुपीच टाळूवर ओतली.

"जास्त लावलं की लवकर येत्याल, वाटलं," ती रडत म्हणाली. टाळू लालबुंद. साध्या तेलानं पुसून काढली, पण आग राहिली. गंगावन बांधणं शक्यच नव्हतं.

नवरा आला. ट्रंक बाहेरच्या सोप्यात ठेवून हसला, "काय गं, मोगऱ्याचं दुकान काढलंस व्हय?"

हौसा दाराआड होती, पदर नाकापर्यंत. एकदम बाहेर आली. "केस गेल्यात माजं," म्हणाली आणि सासूसमोर तिनं पदर मागे टाकला.

त्यानं वाकून टाळू बघितली.

"दुकतंय?"

"आग हुतीया."

"तेल कुठं हाय?"

मी बाटली दिली. त्यानं तिला सोप्यातच खाली बसवलं आणि तळहातावर तेल घेतलं. त्या घरात पुरुषानं बायकोच्या डोक्याला तेल लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी करपतीया वाटतं," आणि आत गेल्या. चूल तर अजून पेटायचीच होती. मीही त्यांच्यामागून गेले.

दोन दिवसांनी साताऱ्याला परतले. मोटारीत शेजारच्या बाईनं मोगऱ्याचा वास ओळखला आणि त्यानं केस येतात का, असं विचारलं. चाचांनी सांगितलं होतं तेच मी तिला सांगितलं. पुढे हौसाचा निरोप आला: रजा संपेपर्यंत तो रोज तेल लावत होता. केसांचं तिनं काही कळवलं नाही. मीही विचारलं नाही.