शेजारच्या सरांच्या बाटल्या

बदनापुरात आमच्या शेजारी कॉलेजचे एक सर राहायचे. सुट्टी लागली की कोकणात बंदरावर जायचे, ओहोटीनं उघडी पडलेली वाळू चाळून त्यातले किडे, शिंपले बाटल्यांत भरून आणायचे.

माझी बायको गेली तवा मला घरात बसवत नव्हतं. दिवसातून चारदा उगंच स्टेशनावर जाऊन यायचो. सरांनी वाटेत अडवलं.

"काका, किडे निवडू लागता का?"

"येडं लागलं का तुम्हाला? माझी बायको मेली."

"म्हणून तर म्हणलं. चला जल्दी."

हातात चिमटा दिला. किडे एका बशीत, शिंपले दुसऱ्या. माझे चुकलेले सर गुपचूप उचलून बराबर जागी ठेवून राह्यले होते. मला दिसत होतं. तरी अंधार पडेपर्यंत मी उठलो न्हाई.