बोलीवर आणलेला टीव्ही

आमच्याकडे बैल बोलीवर आणायची पद्धत होती. बाजारात दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचं, आणि तरीही मन घेत नसेल तर मालकाशी बोली करायची: आठ दिवस आमच्या दावणीला राहू द्या, औताला जुंपून बघतो, पटला तर ठेवतो. त्या दिवसांत बैलाला हळदकुंकू लावायचं नाही. कुंकू लागलं की सौदा झाला. मग तो मारका निघो की बसका, परत न्या म्हणायला तोंड राहत नाही.

आमच्या घरात टीव्ही आला तोही असाच, बोलीवर.

मामा पुण्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. पुण्याचं केंद्र नुकतंच सुरू झालं होतं आणि त्या दुकानात सुटे भाग जोडून स्वस्तातले संच बनवायला घेतले होते. मोठ्या कंपन्यांच्या संचांसारखी पुढं सरकती लाकडी दारं नाहीत, उभं राहायला पाय नाहीत. पत्र्याची पेटी, तिच्यात काच आणि काचेखाली दोन बटणं. मामानं तो संच एसटीत मांडीवर घेऊन पारनेरपर्यंत आणला आणि तिथून बैलगाडीत कडब्यावर ठेवून आमच्या गावी. हुरड्याचे दिवस होते. दुष्काळ सरल्यानंतरचं पहिलं बरं पीक रानात उभं होतं आणि संध्याकाळी सगळ्या गावावर भाजलेल्या कणसांचा निळसर धूर तरंगत असायचा. आजही टीव्ही म्हटलं की मला आधी तो धूर आठवतो.

"दाजी, ह्याच्यापेक्षा स्वस्त टीव्ही अख्ख्या पुण्यात मिळायचा न्हाई," मामा दादांना म्हणाला. दादा म्हणजे माझे वडील. "मी संक्रांतीला परत येतो. न्हाई पटला तर उचलून नेतो."

दादांनी पेटीभोवती एक फेरी मारली. पाठीवर थाप मारून बघितली. "ह्याचं दात कुठं बघायचं, पाव्हणं?"

"दात न्हाईत. काच हाय."

"मग कळायचं कसं, जुना का नवा?"

मी तेव्हा नगरला कॉलेजात होते आणि सुट्टीला घरी आले होते. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. दादा विरोधी पक्षाचं काम करत. पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरात धान्याच्या कणगीशेजारी रचलेले असायचे. 'शेतकरी बंधूंनो' या जाड अक्षरांवरून बोट फिरवत मी वाचायला शिकले. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या मजुरीचं पत्रक मीच लिहिलं होतं, आणि त्यात 'भगिनींनो' हा शब्द आधी घालायचा यावरून दादांशी भांडलेही होते. त्यामुळे त्या पेटीबद्दल माझं मत ती गाडीतून उतरायच्या आधीच तयार होतं.

"हे सरकारचं तोंड आहे," मी आईला म्हणाले. "रोज संध्याकाळी घरात घेऊन बसायचं आणि ते सांगेल ते खरं मानायचं!"

आईनं माझ्या ओठांकडं नीट बघितलं. "तोंड हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग बघू दे की."

आईला ऐकू येत नव्हतं. मी रांगत असताना तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला आणि कान घेऊन गेला. ती ओठांवरून बोलणं ओळखायची. पण आमच्या घरात बोलणारे दादा, आणि त्यांचं तोंड कायम ओट्यावर जमलेल्या माणसांकडं. आईला दिसायची ती त्यांची पाठ. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं, रेडिओवर बाजारभाव लागायचे, वादात रात्रीची जेवणं थंड व्हायची, आणि ती चुलीपाशी बसून आमच्या हसण्यावरून अंदाज बांधायची. तिच्या बोलण्याला चढउतार राहिले नव्हते. कधी एकदम मोठं, कधी पुटपुटल्यासारखं. एकदा ओट्यावरची माणसं तिच्या आवाजाला हसली. ते तिला ऐकू आलं नाही, पण दिसलं. तेव्हापासून चार माणसांत ती बोलायची थांबली होती.

मामानं जाताना घराच्या धाब्यावर लोखंडी पाईप उभा करून त्याला अँटेनाचा काटा बांधून दिला होता, नैर्ऋत्येला, पुण्याकडं तोंड करून. पहिल्या संध्याकाळी दादा धाब्यावर, मी दारात, आणि शेजारचे आबा पुढच्या जागेवर. आबांची जागा कुठल्याही कार्यक्रमात पुढचीच.

"आलं का?" वरून दादा.

"मुंग्या आल्यात," आबा म्हणाले. "लई मुंग्या. साखर सांडलीया कुठं तरी."

काटा इकडं फिरला, तिकडं फिरला. आणि मग त्या मुंग्यांतून हळूहळू एक बाई वर आली. तळाशी पडलेलं काही पाण्यातून वर यावं तशी. आधी कपाळ, मग डोळे, मग ओठ. तिच्या कडा थरथरत होत्या, तिच्या मागं तिचीच एक फिकट सावली उभी होती. आमच्या मातीच्या भिंतींवर निळा उजेड हलत होता आणि देवळीतली रॉकेलची चिमणी उगीचच पिवळी वाटत होती. शेजारपाजारच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की वीज खाली यायची, चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि ती बाई हातभर लांब गेल्यासारखी वाटायची. मोटारी थांबल्या की पुन्हा जवळ. ती बातम्या सांगत होती. काय सांगितलं ते मला आठवत नाही. मी विरोधात बसले होते तरीसुद्धा मी श्वास रोखला होता.

आई दारामागून कधी पुढं आली ते कळलंच नाही. सगळे निघून गेल्यावर तिनं मला विचारलं, "ती बाई सगळ्यांकडंच बघती, का एकट्या माझ्याकडं?"

"सगळ्यांकडं."

"मला वाटलं माझ्याकडं," ती म्हणाली. "इतकं सरळ बघून माझ्याशी कुणी बोलत न्हाई."

मामा जाऊन तीनचार दिवस झाले असतील. सकाळी दादांचा आवाज चढला. पेटीच्या पत्र्यावर, काचेच्या वर बरोबर मधोमध, हळदकुंकवाची दोन बोटं उमटली होती.

"अगं, अजून आपला न्हाई तो!" दादा आईसमोर जाऊन म्हणाले. रागात का होईना, समोर जाऊन. "पाव्हण्याला आता काय तोंड दावू? बोली हाय आपली!"

आई पदरानं कुंकू पुसायला गेली नाही. मला कळायला लागल्यापासून तिनं या घरात कशाला 'हवं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि हे तिनं सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं होतं. माझ्या डोक्यातलं सरकारविरोधी पत्रक तिथंच अडलं. पुढची ओळ सुचेना.

आणि त्याच संध्याकाळी आवाज गेला.

पेटी तापली, आतून एक वास आला, आणि बाईचे ओठ हलत राहिले पण शब्द नाही. चित्र मात्र कधी नव्हे इतकं स्वच्छ. आबांनी मांडीवर हात मारला. "बघा! मेव्हण्यानं मुका बैल बांधला दावणीला. आता घ्या, कुंकूबी लावून बसलाय."

"परत जाईल," दादा म्हणाले. ते खाटेवरून उठून दिव्याच्या बटणाकडं गेले. आवाजाशिवाय त्यांच्या लेखी तिथं काहीच नव्हतं.

"कांद्याचं सांगतीय," मागून आवाज आला. सपाट, मोठा, खोलीत न मावणारा. आईचा.

सगळे वळले. आईची नजर काचेवरच होती.

"कांदा... बाहेर धाडायचा का न्हाई, त्याचं सांगतीय. आता हसली. आता दुसरं. कुठं तरी पूल... पूल वाहून गेला. न्हाई, बांधला. पूल बांधला."

"वाहून गेला का बांधला, वहिनी?" आबांनी विचारलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते वाकून तिच्यासमोर आले. "बांधला?"

"बांधला. तुमी मधी नका येऊ."

माणसं हसली. आईनं ते बघितलं. मी घाबरले. पण ती पुन्हा काचेकडं वळली आणि सांगत राहिली.

त्यानंतर आवाज आलाच नाही, आणि माणसं रोज येत राहिली. कांद्याच्या बातमीवर ओट्यावर वाद पेटायचे आणि वाद मिटवायला पुन्हा आईकडं यावं लागायचं. ती चुकायची, पुष्कळदा चुकायची. एकदा कुठल्याशा मंत्र्याला तिनं मेला म्हणून सांगितलं आणि आबांनी अंघोळ करायची का विचारलं. पण तिचे गाल त्या निळ्या उजेडात वेगळेच दिसायचे. माझी आई तरुण आहे, हे मला त्या दिवसांत कळलं.

संक्रांतीला मामा आला. त्यानं कुंकू बघितलं, आबांची तक्रार ऐकली आणि पेटीची पाठ उघडली. "दाजी, ठेवायचा का न्यायचा ते नंतर सांगा. आधी आवाज काढतो." तो घरचा पाहुणा, त्याच्या हुन्नराचा प्रश्न. त्याला नको कोण म्हणणार? मीही म्हणाले नाही. आईनं त्याच्या पाठीकडं बघत तीळ निवडले.

संध्याकाळी घर भरलं. बाई वर आली. आईनं सुरुवात केली, "नमस्कार म्हनतीय..." आणि पेटीतून घोगरा, भला मोठा आवाज फुटला. "आला, आला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळी डोकी काचेकडं फिरली. आई अजून बोलत होती. एक वाक्य, दुसरं अर्धं. मग तिला दिसलं की तिच्याकडं कुणीच बघत नाही. ती थांबली.

मी उठायच्या बेतात होते. माझ्याकडं भाषण तयार होतं.

पण आईच उठली. माणसांच्या मांड्यांमधून वाट काढत ती पेटीपाशी गेली. पहिलं बटण फिरवलं. काच काळी झाली, माणसं ओरडली. तिनं ते जागेवर आणलं. मग दुसरं धरलं आणि आमच्याकडं तोंड करून, आमचे चेहरे निरखत, सावकाश फिरवत गेली. सगळे गप्प होऊन तिच्याकडं बघायला लागले, तेव्हा तिनं हात काढला.

"आक्का, आवाज गेला गं," मामा म्हणाला.

आईला त्याचे ओठ दिसले. "व्हय," ती म्हणाली.

कुणीतरी खोकलं. आबा दादांकडं बघायला लागले, कारण घर दादांचं होतं. दादा खाटेवर काचेच्या बाजूला तोंड करून बसले होते. त्यांनी पाय वर घेतले, अख्खे वळले आणि दिव्याचा उजेड तोंडावर पडेल असे आईसमोर बसले.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. टीव्ही इथंच ऱ्हाईल," ते मामाला म्हणाले, पण बघत होते आईकडंच. मग एकेक शब्द सुटा करून त्यांनी तिला विचारलं, "काय म्हनतीय ती?"

"थांबा की जरा," आई म्हणाली. "तिचं अजून सांगून झालं न्हाई."