बोटं पाच, मात्रा आठवी

टीव्हीवर शास्त्रीय संगीत दाखवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आणि नाकाचं हाड गेलं. वर्षं कशी गेली ते कुणी विचारत नाही, म्हणून नाकाचं सांगतो.

खराडीतल्या आमच्या वाहिनीवर शनिवारी सकाळचा अर्धा तास माझा होता. अख्ख्या महाराष्ट्रात ख्यालाला उरलेली तेवढीच जागा, आणि तीही साहेबांना सलायची. त्या दिवशी पहिल्यांदाच कार्यक्रम थेट जाणार होता. साहेब म्हणाले, "साडेनऊच्या जाहिराती एक मिनिट जरी चुकल्या, तर हा अर्धा तास विसरा. समजलं?"

समजलं. फक्त फ्लोअर मॅनेजर शेवटची पाच मिनिटं बोटांनी दाखवतो, हे गायला आलेल्या बुवांना सांगायचं राहिलं.

बुवा सत्तरीचे, पण मनगट असं की तानपुऱ्याची खुंटी पिळली तर लाकूड रडायचं. विलंबित एकताल रंगला होता. बुवा आठव्या मात्रेवर, आणि समोर फ्लोअर मॅनेजरने पंजा उघडला. बुवांची भिवई चढली. मिनिटाने चार बोटं. मग तीन.

"मला मात्रा शिकवतोस?" बुवा गरजले. "आणि त्याही उलट्या?"

मांडीवरचं स्वरमंडळ त्याच्या टाळक्यात बसलं. सगळ्या तारा झणाणल्या. सुरात होत्या, खोटं कशाला बोलू? नागपूरचा तो धिप्पाड गडी डोकं धरून बैठकीवरच कोसळला. "काऊन मारून राह्यले मले?" एवढंच म्हणाला, आणि पांढऱ्या चादरीवर लाल ओघळ.

मी धावलो. "अहो बुवा, तो वेळ दाखव..." पुढचं वाक्य बुवांनी तबल्याच्या हातोडीने पूर्ण केलं. माझ्या नाकातून जे कारंजं उडालं, ते छताच्या दिव्यापर्यंत. कॅमेरामनने दोनदा भिंग पुसलं. तबलजींनी मात्र ठेका सोडला नाही. मार्केट यार्डात पोती उचलून घडलेले हात ते, असल्या किरकोळ मारामारीला काय हलणार? बुवा मांडी ठोकून पुन्हा बसले आणि तानेला भिडले.

तेवढ्यात साहेब काचेमागून धावत आले, माइकची वायर उपटायला. "बंद करा हा तमाशा! साडेनऊ वाजून गेले!"

बुवांनी तिहाई धरली होती, एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर यायचं. दोनदा झालं होतं, तिसऱ्यांदा उरलं होतं. इथे तोडायचं, तर पंचवीस वर्षं मी काय गवत उपटलं? मी साहेबांचे पाय धरले आणि ओढले. ते आपटले, मी छातीवर बसलो. त्यांनी माझं मोडलेलं नाक पिळलं, मी त्यांचा अंगठा चावला. कुणाचं रक्त कुठलं, कळेना.

सम आली. अशी थाप पडली की स्वारगेटला बसगाड्या जागच्या जागी थांबल्या असतील.

"क्या बात है!" मी वरूनच दाद दिली.

खालून साहेब म्हणाले, "चार मिनिटं उशीर. उठा आता."

पुढच्या शनिवारी त्याच वेळेला भरली वांगी शिजली. दिग्दर्शन मलाच दिलं; सुरीला हात लावायचा नाही, एवढीच अट.