खार आणि जास्वंद, फरक सांगा

अक्कलकोट रोडवरच्या छोट्याशा शाळेत अनसूयाबाई बत्तीस वर्षं एक प्रश्न हमखास विचारत आल्या होत्या: खार आणि जास्वंद, फरक सांगा. फळ्यावर मधोमध रेघ. एकीकडे खार: पळते, कुरतडते, पिल्लांना दूध पाजते. दुसरीकडे जास्वंद: एका जागी उभी राहते, पानांत अन्न तयार करते, फुलते. शेवटची ओळ मात्र बाईंची स्वतःची. खार घेते, जास्वंद देते.

ही ओळ त्या यंदा अंमळ रागानेच लिहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी खिडकीखाली जास्वंद लावली होती. तिचं एक फूल रोज फळ्यावरच्या गणपतीच्या तसबिरीला वाहायचं, हा त्यांचा नेम. आणि आता झरोक्यात घर केलेली खार कळ्या उमलायच्या आतच फस्त करत होती.

शनिवारी बाई निवृत्त होणार होत्या. शुक्रवारी झाडावर एकच कळी उरली. शेवटच्या दिवशी गणपतीला विकतचं फूल वाहायचं, या विचाराने बाईंचा चेहराच पडला.

“बाई, टेन्शन घेऊ नका,” चौथीतली अंकिता म्हणाली. तिची आई एमआयडीसीत टॉवेलना शिलाई मारते. मधल्या सुट्टीत अंकिताने घरून टॉवेलच्या तुकड्याची पिशवी आणली, कळीवर चढवली आणि नाडी आवळली. “आता बघू की कशी खाती ती!”

शनिवारी बाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. पिशवी गायब! बाई वर पाहतात तर खारूताई ती पिशवी तोंडात धरून झरोक्यात ओढत होती आणि आत पिल्लांची चिकचिक चालली होती. खाली फांदीवर लालभडक फूल, एक पाकळीही कुरतडलेली नाही. बाळंतिणीला मऊ अंथरूण मिळालं होतं, कळीकडे बघायला तिला सवड कुठली! बाई एकट्याच खो खो हसल्या.

फूल वाहिलं, शेवटचा तास सुरू झाला. बाईंनी फळ्यावर ‘खार घेते, जास्वंद देते’ ही शेवटची ओळ लिहिली आणि लगेच हातानेच पुसली.

“इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. आज खारीने माझ्यासाठी फूल ठेवलं.”

“साम्यबी हाय की, बाई,” अंकिता उठली. “दोगीबी हितंच ऱ्हाणार. तुमीच तेवढ्या चाललाय.”

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज नेहमीसारखाच करडा निघाला.

“कोण चाललंय? सोमवारी झाडाला पाणी कोण घालणार, तू?”

“घालीन की,” अंकिता म्हणाली, “पर तुमी या. मला कळशी न्हाय उचलत.”